बालकांची वाणी आणि गावाचे बोलणे

ज्येष्ठ महिन्याचा कृष्णपक्ष सुरू झाला की पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर या गावाला पालखीचे वेध लागतात. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरपर्यंत येते. तेथून आळंदीची पालखी दिवे घाटाच्या वाटेने सासवडकडे जाते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामी पोहोचते. त्या दिवशी गावात माणूस मावत नाही. पाण्यापाशी रांगा, पंगतींची धांदल, रात्रीच्या निवाऱ्यासाठी ओसऱ्या, देवळे आणि शाळांचे व्हरांडे यांचा शोध. अशा गर्दीत माणसाचा तोल सुटण्यास आणि तोंडून वावगा शब्द जाण्यास फारसे निमित्त लागत नाही. तरीही वारीत एक रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. समोरचा माणूस कोणीही असो, त्याला ‘माउली’ म्हणावयाचे. वाट हवी असेल तर ‘माउली, जरा सरका’, चुकून पाय लागला तर ‘माउली, चुकलं’. जो पाया पडेल त्याच्या आपणही पाया पडावयाचे. जात, वय, शिक्षण, हुद्दा यांपैकी कशाचीही चौकशी त्याआधी होत नाही.

या दिवशी गावातील लहान मुले काय करतात हे पाहण्यासारखे असते. चार-पाच वर्षांचे मूल पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘घ्या माउली’ म्हणते. हे वाक्य त्याच्याकडून कोणी घोकून घेतलेले नसते. आजूबाजूचे सारे तसे बोलतात, म्हणून तेही बोलते. उत्तरही त्याच शब्दाने मिळते. सत्तरीचा वारकरी त्या चिमुरड्याला ‘माउली’ म्हणतो, आणि मुलाने पायाला हात लावला तर तोही वाकून मुलाच्या पायाला हात लावतो. सर्वांगाने मोठा असलेला माणूस आपल्याशी बरोबरीने आणि आदराने बोलतो, हा अनुभव पुष्कळ मुलांना वर्षातून एवढ्या एकाच दिवशी येत असावा. दुसऱ्या दिवशी पालखी यवतकडे मार्गस्थ होते आणि तो शब्दही तिच्याबरोबर निघून जातो.

लहान मुलांना इतरांशी सौजन्याने आणि मायेने बोलण्यास कसे शिकवावे, या प्रश्नाचा विचार करताना या एका दिवसाचा दाखला फार मोलाचा आहे. मूल एका दिवसात ‘माउली’ म्हणावयास शिकते, यावरून ही विद्या अवघड नाही हे दिसते. ती पुढे टिकत नाही, यावरून अडचण मुलांच्या बाजूची नाही हेही दिसून येते.

लोणी काळभोरसारख्या गावात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पुण्यापासून १८ ते २० किलोमीटरवर असलेले हे गाव आता शहराच्या उंबरठ्यावर आले आहे. २०२१ मध्ये येथील पोलीस ठाणे पुणे शहर पोलीस आयुक्तालयाला जोडण्यात आले. एकीकडे उसाची शेती आणि जुनी घराणी, दुसरीकडे तेल कंपन्यांचे डेपो, गोदामे, शिक्षणसंस्था आणि महामार्गावरची अहोरात्र वाहतूक. कामाच्या शोधात मराठवाड्यातून, तसेच दूरच्या राज्यांतून कुटुंबे येतात. अशा गावच्या अंगणवाडीत एका सतरंजीवर बागायतदाराचा नातू, मालमोटारीच्या चालकाची मुलगी आणि बांधकामावरील मजुराचे मूल शेजारी-शेजारी बसते. त्यांच्यापैकी एखाद्याचे मराठी अडखळते. एखाद्याच्या बोलण्यात घरची बोली उमटते. इतर मुले हसतात, त्याच्या बोलण्याची नक्कल करतात आणि त्याला एखादे टोपणनाव चिकटवतात. मोठ्यांच्या दृष्टीने ही पोरकट थट्टा असते. परंतु ज्याच्या बोलण्याला हसले जाते ते मूल हळूहळू बोलणेच थांबवते, आणि चौथ्या वर्षी बोलणे थांबलेल्या मुलाचे शिकणेही पुढे अडखळत राहते. सौजन्याचा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

ऐकलेले आणि शिकवलेले

शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वी बालकाला स्वर कळतो. पाळण्यातील मूल आईच्या आवाजातील माया आणि राग यांतील भेद ओळखते. वर्षाच्या सुमारास पहिले शब्द येतात, दुसऱ्या वर्षाअखेर दोन-दोन शब्दांची वाक्ये येतात, आणि पुढील दोन-तीन वर्षांत घरात व अंगणात चालणाऱ्या साऱ्या बोलण्याचा साठा मूल आपलासा करते. या साठ्यात शिव्याही असतात. घरात पाहुणे आलेले असताना तीन वर्षांच्या मुलाने एखादी सणसणीत शिवी हासडावी आणि मोठ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे, हा प्रसंग बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. त्या वेळी मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. शिवी ज्याच्याकडून आली तो मात्र तेथेच बसलेला असतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३ ते ६ वर्षे वयाची ७२ मुले होती. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीला मारले आणि मारताना कठोर शब्दही उच्चारले. काही मुलांसमोर प्रौढ व्यक्ती शांतपणे खेळत राहिली. नंतर मुलांना तशाच खोलीत सोडले असता पहिल्या गटातील अनेक मुलांनी तसेच फटके मारले आणि तेच शब्द उच्चारले. त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. मुलांनी फक्त पाहिले आणि ऐकले होते.

हे समजण्यासाठी स्टॅनफर्डपर्यंत जाण्याचीही खरोखर गरज नाही. कोणत्याही वाडीवस्तीवर मुले ‘शाळा-शाळा’ खेळत असताना थोडा वेळ उभे राहावे. ज्या मुलीला बाई व्हावयाचे असते ती प्रथम हातात छडी घेते. मग ‘गप्प बसा’, ‘कान धर’, ‘अक्कल आहे का’ असे बोल ऐकू येतात. खेळातल्या बाई कधी गोष्ट सांगत नाहीत, कोणाची विचारपूस करीत नाहीत. खऱ्या शाळेतील शिक्षिका दिवसातून अनेकदा प्रेमानेही बोलत असतील. पण मुलांच्या मनात सत्तेची म्हणून जी भाषा ठसते ती ही. ‘घर-घर’ खेळात बाबांची आणि ‘दवाखाना’ खेळात डॉक्टरांची भाषा अशीच कळते. पर्यवेक्षिकेला एखाद्या अंगणवाडीचे खरे मूल्यमापन करावयाचे असेल तर हजेरीपटाबरोबर हा खेळही पाहावा.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. २००६ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधक फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी अवघ्या १८ महिन्यांच्या मुलांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाच्या हातून एखादी वस्तू पडली आणि ती उचलण्यासाठी त्याचा हात पोहोचेना, तर बहुसंख्य मुले स्वतः पुढे होऊन ती उचलून देत. दुसऱ्याची अडचण ओळखण्याची आणि मदत करण्याची ओढ बालकात नीट बोलू लागण्यापूर्वीच असते. पुढे २००८ मध्ये त्याच संशोधकांना असेही आढळले की, मदतीबद्दल प्रत्येक वेळी वस्तूच्या रूपाने बक्षीस मिळालेली २० महिन्यांची मुले बक्षीस थांबताच इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. चांगले बोलले की चॉकलेट आणि तक्त्यावर चांदणी, ही अलीकडे पुष्कळ शाळांत रूढ झालेली पद्धत या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्रात व गुजरातेत बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचाही भर शिक्षा आणि आमिष या दोहोंपासून मुलाला मुक्त ठेवण्यावरच होता.

मराठीतील सौजन्य

सौजन्य शिकवायचे म्हटले की आजकाल ‘प्लीज’, ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’ या तीन शब्दांचा तक्ता भिंतीवर लावला जातो. त्या शब्दांत वाईट काही नाही. परंतु हे शब्द आले नाहीत म्हणून खेड्यातील मूल असभ्य ठरत नाही, याची जाण ठेवणे अगत्याचे आहे. मराठीत सौजन्य एखाद्या सुट्या शब्दात नसते; ते क्रियापदाच्या रूपात, प्रश्नाच्या वळणात आणि नात्याच्या हाकेत असते. ‘पाणी दे’ आणि ‘जरा पाणी देतेस का गं’ यांतील अंतर ‘प्लीज’ने भरून निघत नाही. ‘आभारी आहे’ असे घरात कोणी म्हणत नाही. ‘बरं झालं बाई तू आलीस’ असे म्हणतात, आणि त्यात आभार पुरेपूर येतात.

अशुभ वा दुखावणारा शब्द टाळण्याची मराठीची जुनी सवय तर मुलांना दाखवून देण्यासारखी आहे. निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली म्हणतात. दिवा विझवण्याऐवजी मालवला जातो. यांतील काही संकेतांमागे जुन्या श्रद्धा आहेत, आणि त्या आज सर्वांना मान्य असतील असे नाही. मात्र शब्द तोंडातून जाण्यापूर्वी तो ऐकणाऱ्याच्या मनात कसा उतरेल याचा विचार करणे, ही या संकेतांची शिकवण चार वर्षांच्या मुलालाही समजते. अंगणवाडी सुटताना प्रत्येक मुलाने ‘येतो ताई’ म्हणावे आणि ताईने प्रत्येकाला नावाने ‘ये हं’ म्हणावे, यासाठी स्वतंत्र तासिका लागत नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना ‘गोड बोला’ म्हणण्याची प्रथा तर सर्वत्र आहेच. हा सण जवळ आला की मागील आठवड्यात ज्याच्याशी भांडण झाले त्यालाच मुलाने आपल्या हाताने पहिला तिळगूळ द्यावा, अशी योजना कल्पक शिक्षक करू शकतो.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांविषयी शिक्षकांनी विशेष विवेक ठेवावा. असंख्य मराठी घरांत आईला ‘अगं आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हटले जाते. आई ‘तू’ असते म्हणून तिच्याविषयीचे प्रेम कमी असते असे नव्हे. वडिलांचा धाक मात्र ‘तुम्ही’त दिसून येतो. काही बोलींत वडीलधाऱ्यांनाही एकेरीच संबोधतात आणि त्यात यत्किंचितही अनादर नसतो. हिंदी बोलणाऱ्या घरातील मूल मराठी शिकताना बाईंना ‘तू’ म्हणाले, तर तो व्याकरणाचा गोंधळ असतो. अशा मुलावर ‘उद्धट’ असा शिक्का मारणारा शिक्षक सौजन्याचा पाठ उलटाच देत असतो. हीच गोष्ट ‘अशुद्ध’ या शब्दाची. मुलाची बोली ही त्याच्या आईची भाषा असते. तिला वर्गासमोर अशुद्ध म्हणणे म्हणजे मुलाच्या घराविषयीच कठोर बोलणे होय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या अंगणात पाहुणा म्हणून जायचे, हा त्या कार्यातील शिष्टाचार होता. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून आला हे आज अनेकांच्या ध्यानात राहिलेले नाही.

शाळेच्या बोलीतील आणखी एका शब्दाचा येथे उल्लेख केला पाहिजे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची रीत जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत हे अक्षर फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, अशी त्याची गमतीदार उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती काहीही असो, सहाव्या वर्षी ‘ढ’ ठरलेले मूल सोळाव्या वर्षापर्यंत ते अक्षर पाठीवर वागवीत असते.

अंगणवाडीतील ताई आणि मावशी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प मेळघाटातील धारणी येथे होता. आज तीन ते सहा वर्षे वयाच्या ग्रामीण बालकांचे शिक्षण बहुतांशी अंगणवाडीतूनच सुरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार तीन ते आठ हा वयोगट आता शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला गेला आहे, आणि २०२२ मध्ये तयार झालेल्या या टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक, भावनिक व नैतिक विकासाला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. धोरण कागदावरून सतरंजीवर आणण्याचे काम अर्थातच सेविकेचे आहे.

महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकेला मुले ‘ताई’ म्हणतात आणि मदतनीस ‘मावशी’ असते. ही नाती फार सुंदर आहेत. परंतु ताई मावशीशी कसे बोलते, यावर त्यांचे सारे मोल अवलंबून असते. खिचडी उशिरा झाली म्हणून मावशीला सर्वांदेखत टाकून बोलल्यास, हाताखालच्या माणसाशी कसे बोलावयाचे याचा पाठ त्याच क्षणी तीस मुलांपर्यंत पोहोचतो. नंतर सांगितलेल्या बोधकथेने तो पुसला जात नाही.

वयाचा विचारही आवश्यक आहे. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, ही समज साधारणपणे चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होऊ लागते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाने खेळणे हिसकावून घेतले असता ‘तिला काय वाटलं असेल, सांग’ असे विचारणे फारसे उपयोगी पडत नाही. त्याला त्या वेळी शब्द हवे असतात. ताईने शेजारी बसून ‘मला दे ना, तुझं झालं की’ हे वाक्य त्याच्याबरोबर म्हणावे. दोन-चार वेळा असे झाले की ते त्याचे होते. पाच वर्षांच्या मुलाशी मात्र दुसऱ्याच्या मनाविषयी जरूर बोलावे. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत सौजन्याचे छोटे पाठ प्रत्यक्ष करून दाखवले जात : बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये न शिरता आपली वेळ येईपर्यंत कसे थांबावे, वस्तू पुढे कशी करावी, नको असेल तर नकार कसा द्यावा. हे पाठ कोणाची चूक झालेली नसताना, खेळ म्हणून घ्यावयाचे असतात. चूक झाल्यावर रागाच्या भरात दिलेला पाठ मुलाला अपमान म्हणूनच आठवतो.

माफी मागण्याचा आग्रहही बेताने धरावा. मान धरून वदवून घेतलेले ‘सॉरी’ म्हणजे सुटकेचा परवाना आहे, असे मुलांच्या ध्यानात लवकर येते. पाडलेला मनोरा पुन्हा रचून द्यावा, रडणाऱ्याला पाणी आणून द्यावे, त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे. शब्द मागाहून आपोआप येतो.

मुलींना ‘हळू बोल’ आणि मुलांना ‘मुलगाच तो, दांडगा असायचाच’ असे सांगणारी घरे अजून पुष्कळ आहेत. सौजन्याचा सारा भार अशा रीतीने मुलीवर पडतो. वास्तविक मुलीला मोठ्याने, स्पष्टपणे ‘नको’ म्हणता आले पाहिजे. नकोसा स्पर्श, नकोशी जवळीक, नकोशी थट्टा यांना नकार देताना गोड बोलण्याचे बंधन कोणत्याही बालकावर असता कामा नये, हे अंगणवाडीपासूनच सांगणे आवश्यक आहे. गोड बोलून गळा कापणारी माणसे असतात, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. आणि ज्यांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामाला येते त्या तुकोबांनी दांभिकांविषयी किती रोखठोक शब्द वापरले आहेत, हेही सर्वश्रुत आहे. मुलांना शिकवावयाचे ते दुर्बलावर शब्दाचा आसूड न ओढणे. सबळापुढे गोडगोड बोलणे मुले आपोआपच शिकतात आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करण्याचे कारण नाही.

कायदा, अभ्यासक्रम आणि ठराव

महाराष्ट्राच्या शालेय मूल्यशिक्षणात जी दहा मूल्ये स्वीकारण्यात आली, त्यांत सौजन्यशीलता आणि संवेदनशीलता ही दोन आहेत. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला व पुढे तो राज्यभर नेण्यात आला. त्यात मूल्ये उपदेशाऐवजी जोडीत व गटात करावयाच्या कृतींतून रुजवण्याचा प्रयत्न आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. म्हणजे शिक्षकाच्या जिभेलाही आता कायद्याची मर्यादा आहे. मात्र या अधिनियमातील ‘बालक’ ६ ते १४ वर्षांचे आहे. अंगणवाडीतील चार वर्षांच्या मुलासाठी सेविकेची समज आणि तिला मिळालेले प्रशिक्षण हाच मोठा आधार.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर काय होऊ शकते, याचे एक बोलके उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात घडले. सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवीगाळीवर बंदी घालणारा ठराव केला आणि शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरवला. भांडण दोन पुरुषांचे असते आणि शिवी मात्र एकमेकांच्या आई-बहिणींवरून दिली जाते. स्त्रियांचा हा अपमान थांबावा, हा ठरावामागील हेतू होता. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० मध्ये ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली आणि तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना वाणीच्या अहिंसेचाही विस्ताराने विचार केला, त्याच तालुक्यात सात शतकांनी हा विषय ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, हा योग लक्षणीय आहे. दंडाने जीभ सुधारते काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु या ठरावाचे महत्त्व दंडाच्या रकमेत नाही. गावातील मुलांपुरता विचार केला तर प्रौढांनी, प्रौढांसाठी, जाहीरपणे घालून घेतलेले हे बंधन आहे. एरवी ‘घाणेरडं बोलू नये’ हा नियम फक्त मुलांसाठी असतो.

गावांना करण्यासारखे दुसरे काम वस्त्यांच्या नावांचे आहे. जातिवाचक नावांच्या वस्त्या व रस्ते यांना समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदोपत्री नाव बदलले तरी बोलण्यात जुनेच नाव चालू राहते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. मुलाला पत्ता सांगताना, निरोप पाठवताना, पोलिओच्या डोसाची दवंडी देताना ग्रामपंचायतीचा कर्मचारी कोणते नाव उच्चारतो, त्यावर पुढील पिढीच्या तोंडचे नाव ठरणार आहे. वयाने आजोबांएवढ्या मजुराला शेतमालकाच्या लहान मुलाने एकेरी हाक मारावी, ही रीत काही फार जुनी झालेली नाही.

ग्रामपंचायत कार्यालयाची खिडकी ही तर मुलांची नकळत चालणारी शाळाच आहे. दाखल्यासाठी आलेल्या आजीचे बोट धरून नातू उभा असतो. ‘काय म्हातारे, कालच सांगितलं ना’ आणि ‘आजी, बसा, साहेब येतातच’ ही दोन्ही वाक्ये उच्चारण्यास सारखाच वेळ लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. ती कोणत्या स्वरात मिळावी हे कोणताही अधिनियम सांगू शकत नाही. ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य केंद्रातील परिचारिका, रास्त भाव दुकानदार यांच्या तालुका पातळीवरील बैठकांत बाकीच्या विषयांबरोबर दहा मिनिटे याही विषयाला देता येतील. परराज्यातून आलेल्या मजुराशी बोलताना तर ही काळजी अधिकच घ्यावी लागेल, कारण त्याच्या बाजूला उभे असलेले मूल पुष्कळदा त्याच्यापेक्षा चांगले मराठी समजत असते. बापाला काय म्हटले गेले ते बापाला कळत नाही, मुलाला कळते.

लोणी काळभोरहून पालखी सकाळीच हलते. दिंड्या रस्त्याला लागतात, टाळांचा आवाज यवतच्या दिशेने दूर जातो, आणि मागे गावभर पत्रावळी, कागदी पेले व चिखल उरतो. मग झाडू घेतलेले सफाई कामगार रस्त्यावर येतात. आदल्या संध्याकाळी पाणी देणारी मुले अजून दारातच रेंगाळत असतात. ‘इकडचंही उचला’ म्हणून सांगताना घरातील मोठे माणूस त्या कामगाराला कोणती हाक मारते, ते ती ऐकत असतात.